तोळ्याला कमी पडणारा रुपया

नमस्कार, श्रोतेहो.

आमच्या देव्हाऱ्याखालच्या डब्यात चांदीचा एक राणीछाप रुपया आहे. सासूबाईंकडून आलेला. लक्ष्मीपूजनाला बाहेर येतो, हळदकुंकू लावून घेतो आणि भाऊबीज झाली की पुन्हा डब्यात जातो. गेल्या वर्षी बांगडी सांधायला सोनाराकडे निघाले, तेव्हा काय मनात आलं कोण जाणे, तो रुपया पर्समध्ये टाकला आणि सोनाराला म्हटलं, एवढा तराजूवर ठेवा. टांकसाळीतून निघताना या रुपयाचं वजन असायचं ११.६६ ग्रॅम. वडीलधाऱ्या श्रोत्यांना हा आकडा ओळखीचा वाटला असेल. जुना तोळा तो हाच. रुपया बरोबर तोळाभर असल्यामुळे सोनं तोलायला दुसऱ्या पारड्यात रुपयाच टाकायची पद्धत होती. हल्ली आपण दहा ग्रॅमला तोळा म्हणतो, ती वेगळी गोष्ट.

तर आमचा रुपया तोळ्याला थोडा कमी भरला. मी विचारलं, "चांदी गेली कुठे?" सोनार हसून म्हणाला, "झिजला, ताई."

मी संख्याशास्त्र शिकवण्यात आयुष्य घालवलेली बाई. "झिजला" या एका शब्दाशी मी तिथेच थबकले, कारण याच शब्दावरून पुण्यातल्या एका गणितज्ञाने दोन हजार वर्षांपूर्वीच्या इतिहासाचं कुलूप उघडायला घेतलं होतं. दामोदर धर्मानंद कोसंबी. जन्म १९०७, गोव्यातल्या कोसबेनचा. वडील धर्मानंद कोसंबी, पाली आणि बौद्ध धर्माचे मोठे अभ्यासक. मुलगा अमेरिकेत हार्वर्डला गणित शिकला, परत आला, बनारस आणि अलीगढला शिकवून पुण्याच्या फर्ग्युसन कॉलेजात गणिताचा प्राध्यापक झाला. पुढे १९४५ पासून मुंबईला टाटा मूलभूत संशोधन संस्थेत. घर पुण्यातच, त्यामुळे डेक्कन क्वीनने जाणं-येणं.

या गणिताच्या माणसाला संख्याशास्त्र शिकायचं होतं. पुस्तकातली उदाहरणं सोडवत बसण्यापेक्षा खराखुरा प्रश्न हाती घ्यावा, असं त्यांनी ठरवलं. आधी विद्यार्थ्यांच्या परीक्षेचे गुण घेतले. त्यातून निघालं काय, तर वर्गात जे शिकवतात त्याची पातळी आणि परीक्षेची पातळी यांचा मेळच बसत नाही. आम्हा मास्तर मंडळींना हे ऐकायला फारसं आवडत नाही, म्हणून पुढे जाते. दुसरा प्रश्न त्यांनी घेतला जुन्या नाण्यांचा.

आपल्याकडची सगळ्यात जुनी नाणी म्हणजे आहत नाणी. चांदीच्या पत्र्याचे तुकडे कापायचे, वजन जुळेपर्यंत कोपरे छाटायचे आणि त्यांवर एकेक ठसा ठोकायचा. पुढच्या बाजूला बहुतेक पाच ठसे: सूर्य, सहा आऱ्यांचं चक्र, डोंगर, बैल, झाड असे. नाव नाही, राजाचं तोंड नाही, साल तर नाहीच. प्रमाण वजन ३२ रतींचं, म्हणजे साधारण ३.४ ग्रॅम. आता यातलं कुठलं आधीचं आणि कुठलं नंतरचं, हे कसं ओळखायचं? विद्वान ठशांचे अर्थ लावत होते. हा डोंगर म्हणजे मेरू, हे चिन्ह मौर्यांचं, ते नंदांचं. वाद रंगत होते आणि वाद मिटवायला हातात काही नव्हतं.

कोसंबींनी ठशांचा अर्थ बाजूला ठेवला आणि तराजू घेतला.

विचार अगदी साधा. नाणं हातोहात फिरतं, झिजतं. जास्त फिरलेलं जास्त झिजतं. पण झीज नुसती सरासरीत दिसत नाही, आणि इथे खरी गंमत आहे. समजा, जूनमध्ये शाळा सुरू होताना वर्गातल्या साठ मुलांनी एकाच दुकानातून एकाच बनावटीच्या चपला घेतल्या. पहिल्या दिवशी सगळे तळवे सारखेच जाड. मार्चमध्ये बघा. एक मुलगा तीन किलोमीटर चालत येतो, त्याच्या चपलेतून रस्ता दिसतो. दुसरी बाबांच्या स्कूटरवर मागे बसून येते, तिची चप्पल कोरी. म्हणजे सरासरी जाडी तर कमी झालीच, पण चपला एकमेकींपासून वेगळ्याही पडल्या. काळाबरोबर दोन गोष्टी घडतात: सरासरी खाली येते आणि पसारा वाढतो. एकच खूण असती तर शंका राहिली असती, कारण एखाद्या टांकसाळीने मुळातच हलकी नाणी पाडली असतील. पण हलकी पाडलेली नाणी सारखी हलकी असणार. हलकीही आणि विखुरलेलीही, असं दिसलं तर ते बाजारात फिरल्याचं लक्षण.

हे झालं कागदावर. खरं कशावरून? कोसंबींचं जे पाऊल मी दरवर्षी वर्गात फळ्यावर लिहून दाखवायचे, ते इथलं आहे. प्राचीन नाण्यांवर निष्कर्ष काढण्याआधी त्यांनी आपल्या काळातली, रोजच्या चलनातली नाणी तोलली. एकदोन नव्हे, हजारो. का? तर त्यांच्यावर साल छापलेलं असतं. उत्तर आधीच माहीत आहे. आपली रीत तिथे बरोबर उत्तर देते का, ते पाहून घ्यायचं. सालागणिक सरासरी वजन उतरताना आणि पसारा वाढताना दिसला, तेव्हाच ते जुन्या नाण्यांकडे वळले. झीज आणि वजन यांवरचे त्यांचे लेख १९४० पासूनच्या दोन-तीन वर्षांत आले.

जुनी नाणी कुठली? तक्षशिलेची. आज पाकिस्तानात असलेल्या तक्षशिलेच्या भीर टेकडीत १९२४ मध्ये एक मोठा ठेवा सापडला होता. आहत नाणी हजाराच्या वर, आणि त्यांच्यात अलेक्झांडरची दोन नाणी आणि त्याच्या मागून गादीवर आलेल्या फिलिपचं एक. ही तीन ग्रीक नाणी जवळजवळ कोरी होती, म्हणजे फारशी न फिरता पुरली गेली. त्यावरून ठेवा पुरल्याचा काळ ठरला, इसवी सनापूर्वी ३१७ च्या आसपासचा. संशोधकाच्या दृष्टीने हे भाग्यच. सगळी नाणी एका दिवशी चलनातून बाहेर पडलेली. मग त्या दिवशी जे सारख्या ठशांचे गट जास्त झिजलेले, ते आधी पाडलेले. कमी झिजलेले ते नंतरचे. बिनसालाच्या नाण्यांना निदान रांगेत तरी उभं करता आलं.

आणि मग नाण्याची मागची बाजू. तिथे बारीक बारीक ठसे असतात, कधी एक, कधी पाच-सहा, कधी एकही नाही. कोसंबींना आढळलं की मागचे ठसे जितके जास्त, तितकं नाण्याचं सरासरी वजन कमी. त्यावरून त्यांनी तर्क केला की हे ठसे राजाचे नव्हेत. ठरावीक काळाने व्यापाऱ्यांनी नाणं पारखून त्यावर उठवलेली ती खूण असली पाहिजे. आपला जुना गॅस सिलिंडर आठवा, तपासणीच्या तारखा अंगावर वागवणारा. तसंच काहीसं. म्हणजे त्या काळी व्यापाऱ्यांच्या श्रेणी, म्हणजे संघ, होत्या, त्यांचा वचक होता, आणि नाण्याची पत राखण्याचं काम त्या करत होत्या. हा समाजाचा इतिहास झाला, आणि तो निघाला तराजूतून.

मी हा प्रयोग वर्गात करून पाहिला होता आणि सपशेल तोंडावर पडले होते. तेही सांगते. मुलांना म्हटलं, घरून पाच-पाच रुपयांची नाणी आणा. ओळखीच्या पेढीवरून नाजूक काटा मागून आणला. मुलांनी दोन दिवस तोललं, सरासरी काढली आणि आलेख काढला. तर आलेखाला दोन डोंगर! मध्ये दरी, आणि आमची सरासरी बरोबर त्या दरीत. त्या वजनाचं एकही नाणं टेबलावर नव्हतं. मागच्या बाकावरचा मुलगा म्हणाला, "बाई, जाडं पाच रुपये आणि पातळ पाच रुपये वेगळे असतात." असतातच. जुनं जाड पाचाचं नाणं ९ ग्रॅमचं, पुढे आलेलं पातळ ६ ग्रॅमचं. मी दोन जाती एका टोपलीत ओतल्या होत्या आणि झीज शोधत होते. कोसंबी सारख्या ठशांचे गट आधी वेगळे का करत होते, ते मला त्या दिवशी खऱ्या अर्थाने कळलं. त्या मुलाला मी अंतर्गत परीक्षेत दोन गुण जास्त दिले, हे आता निवृत्तीनंतर कबूल करायला हरकत नाही.

हाच माणूस पुढे दुसऱ्याच शेतात उतरला. आनुवंशिकी. गुणसूत्रावर दोन जनुकं एकमेकांपासून किती दूर आहेत, ते थेट मोजता येत नाही. पिढी बदलताना गुणसूत्रांच्या तुकड्यांची अदलाबदल होते आणि दोन जनुकांची जोडी कधी फुटते. जितकं अंतर जास्त, तितकी जोडी फुटण्याची शक्यता जास्त. अडचण अशी की मध्ये दोनदा अदलाबदल झाली तर जोडी पुन्हा मूळची. रस्ता ओलांडून गेलेला आणि ओलांडून परत आलेला माणूस आपल्याला याच फुटपाथवर दिसतो. आपण म्हणतो, हा गेलाच नाही. या लपलेल्या खेपा हिशोबात धरायच्या तर सूत्र हवं. ब्रिटिश शास्त्रज्ञ हॉल्डेन यांचं सूत्र १९१९ पासून होतं. त्यात एक अदलाबदल दुसरीच्या आड येत नाही असं गृहीत होतं. पण प्रत्यक्षात एक झाली की तिच्या अगदी शेजारी दुसरी सहसा होत नाही, आणि दूर जावं तसा हा अडथळा कमी होतो. कोसंबींनी ते धरून १९४४ मध्ये नवं सूत्र मांडलं, जेमतेम चार पानांत. शंभर रोपांपैकी वीस रोपांत जोडी फुटलेली दिसली, तर हॉल्डेन अंतर सांगतात २५.५ आणि कोसंबी २१.२ सेंटिमॉर्गन. सेंटिमॉर्गन म्हणजे गुणसूत्रावरचं हे अंतर मोजायचं एकक. पिकांच्या जनुकांचे नकाशे करणारे आजही कोसंबींचं सूत्र वापरतात. त्यातल्या कितीजणांना ठाऊक असेल की हे गृहस्थ संस्कृत श्लोकही मोजत होते?

हो, श्लोक. भर्तृहरीची शतकं तीन, म्हणजे श्लोक तीनशे असायला हवेत. पण वेगवेगळ्या हस्तलिखितांतले सगळे श्लोक गोळा केले तर संख्या ८०० च्या वर जाते. ज्याला जो श्लोक आवडला, तो त्याने भर्तृहरीच्या नावावर जमा केला. मग मूळचे कुठले? मतदान घ्यावं, जास्त पोथ्यांत आहे तो खरा, असं वाटेल. पण दहा पोथ्या एकाच पोथीवरून उतरवलेल्या असतील तर ती दहा मतं नव्हेत, एकच मत आहे. म्हणून आधी पोथ्यांची घराणी लावायची, आणि सगळ्या घराण्यांत आढळणारे श्लोक वेगळे काढायचे. असे निघाले सुमारे २००. कोसंबींची ही संपादित आवृत्ती १९४८ ची. माझं जाड-पातळ नाण्यांचं त्रांगडं आणि पोथ्यांची घराणी, दोन्हींत मेख एकच आहे: मोजण्याआधी, आपण काय एक धरतोय ते ठरवणं.

हल्ली डेटा हा शब्द आपल्याकडे मंत्रासारखा म्हटला जातो. मला प्रबंध तपासायला येतात. त्यात रंगीत आलेख असतात, सॉफ्टवेअरचं नाव ठळक अक्षरात असतं, आणि पन्नासाव्या पानापर्यंत प्रश्न काय होता ते सापडत नाही. कोसंबींच्या टेबलावर एक काटा होता आणि प्रश्न मात्र धारदार होता. याचा अर्थ त्यांचं सगळं मान्य झालं असं नाही. नाण्यांचे गट अमुक राजाचे, तमुक राजाचे, हे त्यांचं जुळवणं वादातच राहिलं. वजनावरून रांग लागते, रांगेतल्यांची नावं कळत नाहीत. शिवाय आक्षेप घेता येतो की जमिनीत शतकानुशतकं पडलेलं नाणं मातीतल्या क्षारांनीही खाल्लं जातं, आणि सापडल्यावर त्याला घासूनपुसून लख्ख करणाऱ्यांच्या हातूनही थोडी चांदी जातेच. मग ही झीज बाजारातली की मातीतली की प्रयोगशाळेतली?

या शेवटच्या आक्षेपापाशी मला आमचा रुपया आठवतो. सोनाराच्या दुकानातून घरी आले आणि हौसेने नवऱ्याला सांगायला लागले, बघा, हा किती हातांतून फिरला असेल, किती बाजार, किती जत्रा. तो पेपरातून मान वर न करता म्हणाला, "आई दर दिवाळीला तो चिंच आणि रांगोळीने घासायची. चांगला अर्धा तास."

नमस्कार.