एकोणसाठाव्या वर्षी तीन इनिंग

श्रोतेहो, नमस्कार. आज बोलू सॅचेल पेजबद्दल. बेसबॉलचा पिचर, म्हणजे चेंडू टाकणारा. अमेरिकेत अलाबामा राज्यातल्या मोबील शहरात १९०६ साली जन्मलेला. १९२६ मध्ये चॅटनूगाच्या कृष्णवर्णीय संघातून तो पैसे घेऊन खेळू लागला. मेजर लीगचं, म्हणजे अमेरिकेतल्या सर्वोच्च बेसबॉल स्पर्धेचं दार तेव्हा काळ्या खेळाडूंना बंद होतं. ते १९४७ मध्ये जॅकी रॉबिन्सनसाठी उघडलं आणि पुढच्या वर्षी क्लीव्हलँडच्या संघानं पेजला घेतलं. वय बेचाळीस. होय, बेचाळिसाव्या वर्षी पदार्पण! त्या मोसमात त्याच्या नावावर सहा विजय आणि एक पराभव.

खरं तर १९३८ मध्ये मेक्सिकोत त्याचा हात गेल्यातच जमा होता. उचलता येईना. कॅन्सस सिटी मोनार्क्स या कृष्णवर्णीय संघानं त्याला फिरत्या दुय्यम संघात ठेवलं, निदान नावावर गर्दी जमेल म्हणून. हात हळूहळू परत आला आणि वेगाच्या जोडीला वळणारे, संथ चेंडूही आले.

पण त्याचं मूळ भांडवल नियंत्रण. बॅटरसमोर जमिनीवर होम प्लेट असते, चेंडू तिच्यावरून जायला हवा; ती १७ इंच रुंद असते. पेज सरावात तिच्यावर च्युइंगगमचा कागद ठेवायचा आणि चेंडू बरोबर त्या कागदावरून न्यायचा. हल्ली क्रिकेट दाखवतानाही आधी वेगाचा आकडा झळकतो, टप्प्याचं कुणी बोलत नाही. शिकणाऱ्या पोरांचं यानं नुकसान होतं, असं माझं ठाम मत आहे. असो. नियंत्रण, हे लक्षात ठेवा.

दुसरं अस्त्र म्हणजे थबकून टाकलेला चेंडू. पुढचा पाय टेकला तरी हात मागेच. बॅटर पिचरच्या पायावरून वेळ साधतो, त्याची बॅट निघते आणि चेंडू अजून हातातच! हे करणं सोपं नाही. थबकलं की पायाचा जोर वाया जातो, सगळा भार खांद्यावर येतो. १९४८ मध्ये मेजर लीगच्या दोन भागांपैकी एक असलेल्या अमेरिकन लीगच्या अध्यक्षांनी या चेंडूवर बंदीच घातली.

आता २५ सप्टेंबर १९६५ ची रात्र. कॅन्सस सिटी अ‍ॅथलेटिक्स विरुद्ध बोस्टन रेड सॉक्स. अ‍ॅथलेटिक्सचे मालक चार्ली फिन्ली यांनी पेजला करारावर घेतलं होतं. वय एकोणसाठ. मैदानाकडेला त्याला झुलती आरामखुर्ची दिली, शेजारी पांढऱ्या गणवेशातली नर्स उभी केली. गर्दी खेचायची युक्ती! एवढ्या मोठ्या खेळाडूचं असं खेळणं करायला नको होतं.

पेज मात्र चेंडू टाकायला आला होता. बेसबॉलमध्ये तीन बॅटर बाद झाले की त्या संघाची इनिंग संपते. पहिला बॅटर गॉस्गर, उंच उडालेल्या चेंडूवर झेलबाद. दुसरा, जोन्स, क्षेत्ररक्षकाच्या चुकीमुळे पहिल्या बेसवर, म्हणजे धाव पुरी करताना गाठायच्या थांब्यांपैकी पहिल्यावर पोचला, पण पुढे तिसरा बेस गाठताना बाद झाला. मग आला कार्ल यास्ट्रझेम्स्की. त्याच्या वडिलांनीही कधीकाळी लाँग आयलंडवर पेजसमोर बॅट धरली होती! मुलानं चेंडू डाव्या भिंतीवर मारला आणि दुसरा बेस घेतला. पुढचा कोनिग्लियारो झेलबाद.

त्यानंतर? काही नाही. दुसऱ्या इनिंगमध्ये तिघे आले, तिघे गेले. तिसऱ्यातही तसंच, आणि त्यात बोस्टनचा पिचर मोनबुकेट स्ट्राइकआउट झाला, म्हणजे चेंडू मारता न आल्यानं बाद. मोनबुकेटचा जन्म १९३६ चा, म्हणजे पेज त्याच्या जन्माआधी दहा वर्षांपासून पैसे घेऊन खेळत होता. तीन इनिंग, दहा बॅटर, २८ चेंडू, एकच हिट (यास्ट्रझेम्स्कीचा तो फटका), धाव शून्य. परत सांगतो, २८ चेंडू. तीन इनिंगसाठी इतके कमी चेंडू तेव्हाच पुरतात, जेव्हा होम प्लेटबाहेरचे, फुकटचे बॉल जात नाहीत. हेच ते नियंत्रण.

चौथ्या इनिंगला तो पुन्हा मैदानात आला, तेव्हा व्यवस्थापकांनी त्याला बदललं, प्रेक्षकांनी उभं राहून मानवंदना द्यावी म्हणून. अ‍ॅथलेटिक्स त्या वेळी १-० नं पुढे होते. पुढच्यांना ती आघाडी राखता आली नाही, सामना बोस्टननं ५-२ असा जिंकला.