तीन शिट्ट्यांचा उठाव

नमस्कार मंडळी.

माझ्या हातातला कागद तुम्हाला कोरा दिसत असेल. तो टोचलेला आहे, ब्रेलमध्ये. तेव्हा मी मधेच थांबलो तर विसरलो असं समजू नका, बोट घसरलं असेल.

लेकीकडे दोन महिन्यांसाठी आलोय. अध्यक्ष म्हणाले, ‘काका, अपंगत्वावर मात, असं काहीतरी बोला.’ मात-बित काही केलेली नाही. दहाव्या वर्षी नजर गेली ती गेलीच. मी शिकलो ते दुसऱ्यांच्या आवाजावर, तेवढं सांगतो.

बारावीला आपटलो. लेखनिक, म्हणजे मी सांगेन ते पेपरात लिहिणारा, मिळाला नववीतला. खालच्या इयत्तेतलाच हवा, असा दंडक. पोरगं भेदरलेलं. मी ‘ऋण’ सांगितलं. ‘दादा, ऋ कुठला?’ म्हटलं, ऋषीतला. ‘ऋषी कसा लिहायचा?’ शेवटचे दोन प्रश्न कोरेच राहिले. त्याच्यावर राग नाही, त्याला कुणी काही शिकवूनच पाठवलं नव्हतं.

पुढल्या वर्षी सुटलो, टेलिफोन ऑपरेटर म्हणून चिकटलो. १९८९ मध्ये आमच्या नाशिकलाच यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ निघालं, आणि नोकरी सांभाळून मी बी.ए.ला नाव घातलं. पुस्तकं आली, पण छापील. पंचवटीतल्या आमच्या वाड्यात समोरच्या काकू दुपारी कॅसेटवर वाचून द्यायच्या, स्वयंपाक करता करता. १८५७ च्या उठावात तीन शिट्ट्या आहेत. कारणांपर्यंत दोन, परिणामांच्या सुरुवातीला तिसरी, मग ‘थांब रे, गॅस बंद करते.’ परीक्षेला नेमका तोच प्रश्न आला, आणि मी शिट्ट्यांच्या खुणेवर अख्खं उत्तर सांगितलं. काकू स्वतः सातवी शिकलेल्या. ‘वासाहतिक’ हा शब्द मात्र त्यांनी शेवटपर्यंत तोडून तोडूनच वाचला.

आता निवृत्त आहे. रविवारी सकाळी घरी कॉलेजची पोरं जमवतो आणि लेखनिक कसं व्हायचं ते शिकवतो. प्रश्न स्वल्पविरामासकट वाचायचा. उत्तर आपल्या मनाने सुधारायचं नाही. दर अर्ध्या तासाने वेळ सांगायची. चहा-पोहे माझ्याकडे. २०१६ च्या कायद्याने अपंगत्वाचे प्रकार ७ चे २१ झाले, सरकारी नोकऱ्यांतलं आरक्षण ३ चं ४ टक्के झालं. तीन तासांच्या पेपरला तासभर जादाही मिळतो. सगळं चांगलंच आहे. पण परीक्षा सगळ्यांच्या एकदम, लेखनिकांच्याही. मार्चमध्ये माझा फोन कानाचा सुटत नाही.

तुमच्याकडे पैसे मागायला उभा नाही. दिलेत तर नको म्हणणार नाही, पण काम वेगळं आहे. फोन आता मराठी पुस्तकं वाचून दाखवतो, त्यासाठी पान स्कॅन करून त्याचा मजकूर करावा लागतो. तिथे ‘घ’चा ‘ध’ होतो, ‘भ’चा ‘म’. परवा एका पोरीच्या पुस्तकात शेतकरी संध्याकाळी ‘धरी’ आला आणि ‘माकरी’ खाल्ली. ती हसली; पण पेपरच्या आदल्या रात्री हसू येत नाही. मूळ पान शेजारी ठेवून हे दुरुस्त करायला मराठी येणारे डोळे लागतात, आणि ते इथे बसूनही चालतात. थंडीत चार महिने घराबाहेर पडता येत नाही म्हणता ना?

ज्यांना डोळे शिणवायचे नसतील त्यांनी धडे वाचून आवाज पाठवा. जेवणाच्या रांगेत मी पांढरी काठी घेऊन उभा असेन, नंबर तिथेच द्या. आणि वाचताना कुकर लागलेला असेल तर रेकॉर्डिंग थांबवू नका.