फोनच्या कव्हरमागची नोट

राम राम मंडळी.

आपल्या लंडनच्या मंडळाच्या कार्यकारिणीने मला 'खान्देशी खाणं' या विषयावर दहा मिनिटं दिली आहेत. शेवभाजीवर मी दहा काय, चाळीस मिनिटं बोलू शकते. आमच्या घरचे साक्षीला आहेत. पण माफ करा, आठवडाभर डोक्यात दुसरंच घोळतंय. ते ओकल्याशिवाय आज भरीत घशाखाली उतरायचं नाही.

मागच्या मंगळवारी लेकीला पोहण्याच्या क्लासवरून आणत होते. स्टेशनबाहेर एक पोरगा भेटला, असेल वीस-बावीसचा. पाकीट हरवलंय, घरी जायला भाड्याला पैसे नाहीत म्हणाला. मी सवयीने 'सॉरी, रोख नाही' म्हटलं आणि पुढे झाले. गाडीत बेल्ट लावताना आमची कन्या म्हणाली, "आई, तुझ्या फोनच्या कव्हरमागे वीस पौंड आहेत ना? ते कशासाठी असतात?"

ते कशासाठी असतात हे सांगायचं तर नंदुरबारला जावं लागेल.

दोन वर्षांपूर्वी, डिसेंबरात, आम्ही मायलेकी सुरतेहून अमळनेरला निघालो होतो. नवापूर स्टेशन अर्धं गुजरातेत, अर्धं महाराष्ट्रात, हे ऐकून पोरगी भलतीच खूश झाली होती. त्यामुळे मलाही गाईड झाल्यासारखं चढलं. नंदुरबार आलं. मी ऐटीत म्हटलं, "इथे गाडी चांगली वीस मिनिटं थांबते, चल, भजी खाऊ." मंडळी, गाडी थांबायची ती आमच्या लहानपणी! तेव्हा एकेरी रूळ होता, समोरची गाडी येईपर्यंत ताटकळावं लागायचं. आता मार्ग दुहेरी झालाय, हे मला कुणी सांगायचं? भज्यांचा पुडा हातात पडतोय तोवर गाडी हलली. पर्स गाडीत, फोन गाडीत चार्जिंगला, स्वेटरसुद्धा गाडीत. भज्यांचे पैसेही द्यायचे राहिलेले.

भजीवाल्याने पैशांचं नावही काढलं नाही. आपला फोन पुढे केला, "लावा ताई घरी." लावते कुणाला? भावाचा नंबर पाठ नाही. नवऱ्याचा नाही (ते समोरच बसलेत, त्यांना हे आजच कळतंय). पाठ एकच, आमच्या अमळनेरच्या घरचा, डायलवाल्या फोनचा. तो फोन बंद होऊन जमाना झाला.

तिथे बाकाशेजारी खाली एक मावशी बसल्या होत्या, गाठोडं घेऊन. मिरची वाळवायच्या पथारीवर कामाला आलेल्या असाव्यात, लुगड्याला मिरचीचा तो तिखट दर्प होता. तुम्हाला ठाऊकच आहे, त्या दिवसांत नंदुरबारात मिरची आधी नाकाला कळते. "काय व्हयनं वं माय?" एवढंच विचारलं. मी सांगायला लागले आणि मला रडूच फुटलं. मी, जी इथे शंभर माणसांच्या मीटिंगा चालवते! त्यांनी पदराची गाठ सोडली, चार घड्या घातलेली शंभराची नोट काढली आणि माझ्या मुठीत कोंबली. पोरीला भाकरीचा चतकोर दिला, वर ठेचा. इथे केचपशिवाय न जेवणारी माझी पोर नाक पुसत पुसत तो खात होती.

दुसऱ्या गाडीची दोन तिकिटं काढून सुटे उरले, ते परत द्यायला गेले तर मावशींनी त्यातलं दहाचं नाणं पोरीच्या हातावर ठेवलं. पत्ता विचारला तर हसल्या. "मन्हं माहेर अमळनेरच शे," म्हणाल्या. खरं होतं की माझा संकोच जावा म्हणून म्हणाल्या, देव जाणे.

पर्स मिळाली. शेजारच्या प्रवाशाने भावाचा फोन उचलून अमळनेरच्या फलाटावर ती त्याच्या हाती दिली. भाऊ अजून चिडवतो, "ताई लंडनहून आली आणि भज्यासाठी नंदुरबारला अडकली." आठ दिवसांनी मी साडी घेऊन नंदुरबारला गेले. मावशी नव्हत्या. भजीवाला म्हणाला, कामाला येणाऱ्या बाया रोज वेगळ्या. साडी माझ्या कपाटात आहे.

तेव्हापासून फोनच्या कव्हरमागे नोट. अडीअडचणीला. अडचण कुणाची, हे मी कधी ठरवलंच नव्हतं.

घरी यावरून भांडण झालं. हे म्हणतात, स्टेशनवरचे असले पोरगे फसवे असतात, रोज तीच गोष्ट सांगतात. असतीलही. पण मावशींनी तरी माझी कुठली चौकशी केली होती? परदेशी बूट घातलेली बाई, भजी खाताना गाडी चुकली म्हणते! मी असते तर माझ्यावर विश्वास ठेवला नसता.

आता थोडं आपलं. रागावू नका. गेल्या सप्टेंबरात आपल्या ग्रुपवर धुळ्याच्या एका मुलाचा निरोप आला होता, रात्री हिथ्रोला उतरतोय, सकाळपर्यंत टेकायला जागा मिळेल का. सगळ्यांनी हात जोडलेली चित्रं पाठवली. एकाने हॉटेलची लिंक टाकली. मी अंगठा दिला. त्याच आठवड्यात, आजच्या भरिताला हिरवी वांगी कुठून आणायची आणि कपाशीच्या काड्यांशिवाय भाजली तर चव येते का, यावर आपण रात्री एकपर्यंत जागलो. तो मुलगा कुठे राहिला, कुणाला ठाऊक आहे का? मलाही नाही.

मला सुचत नाही ते वेगळंच. अनोळखी माणसाशी बोलायचं नाही, हे पोरीला मीच शिकवलंय, आणि ते शिकवायला हवंच. मग मावशींची गोष्ट तिला कशी सांगू? तिला तर ती सांगावीही लागत नाही. ते दहाचं नाणं तिच्या कंपासपेटीत आहे.

मंगळवारी तिच्या प्रश्नाला मी म्हटलं होतं, "घरी गेल्यावर सांगते." अजून सांगितलेलं नाही. ती रोज संध्याकाळी माझा फोन उलटा करून बघते, आणि जागेवर ठेवून देते.