सहाव्या दिवशीची टी पेशी

या टी पेशी, म्हणजे संसर्गाशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी, माणसाच्या रक्तातून घेतलेल्या. पीएचए हे वनस्पतीतलं प्रथिन देऊन त्यांना जागं केलंय आणि आता त्या इंटरल्युकिन-2 या वाढ घडवणाऱ्या प्रथिनावर वाढतायत. पहिल्याच दिवशी त्यांच्या पृष्ठभागावर फास नावाचा रेणू दिसू लागतो. तेव्हाच फासला चेतवणारा प्रतिपिंड घातला, तर पेशींना फारसं काही होत नाही. तोच प्रतिपिंड सहाव्या दिवशी घाला. काही तासांतच पेशी आक्रसतात, पटलावर फुगवटे येतात, केंद्रकाचे तुकडे पडतात. हा पेशीचा ठरवून घडणारा मृत्यू.

फास काम करतो तिघांच्या गटात. त्यावर फास-लिगँड, म्हणजे त्याला जुळणारा रेणू, बसला, की पेशीच्या आतल्या बाजूला फॅड हे प्रथिन जोडलं जातं आणि ते कॅस्पेज-8 या प्रथिनं कापणाऱ्या विकराला ओढून घेतं. कॅस्पेज-8 चे रेणू एकमेकांना खेटले की सक्रिय होतात आणि पुढे कॅस्पेज-3 ला कामाला लावतात. सुरुवातीला सी-फ्लिप हे प्रथिन कॅस्पेज-8 ची वाट अडवून असतं. पुढे त्याचं प्रमाण घटतं.

लिगँड आणतं कोण? टी पेशीच. तिच्या ग्राहकाला, म्हणजे पृष्ठभागावरच्या ओळखणाऱ्या रेणूला, पुन्हा प्रतिजन (तो ओळखतो तो परका अंश) भेटला की ती लिगँड बनवते. त्याने शेजारीण मरते, कधी ती स्वतःही. हे 1995 मध्ये सिद्ध झालं. संसर्ग ओसरल्यावर पेशींची संख्या घटते ती मात्र मुख्यतः बिम या प्रथिनामुळे. हे दोन मृत्यू सर्रास एकाच दावणीला बांधले जातात, ते चूक आहे.

मोजणीतही एक खोच आहे. मरू घातलेल्या पेशीला खुणेसाठी वापरलेलं अॅनेक्सिन-5 चिकटतं ते कॅल्शियम असेल तरच. नमुन्यात कॅल्शियम बांधून ठेवणारं ईडीटीए राहिलं, तर मरणाऱ्या पेशीही धडधाकट दिसतात.

फासच्या जनुकाच्या दोन प्रतींपैकी एकच बिघडली तर? निम्मे रेणू सदोष. पण तिन्ही रेणू चांगले असलेले गट आठात एकच. म्हणून एक निरोगी प्रत बहुधा पुरत नाही. अशा मुलांच्या लसीका ग्रंथी आणि प्लीहा महिनोन् महिने सुजलेल्या राहतात. स्वतःच्याच तांबड्या पेशी आणि प्लेटलेट्सविरुद्ध प्रतिपिंडं तयार होतात. आजाराचं नाव एएलपीएस (ऑटोइम्यून लिम्फोप्रोलिफरेटिव्ह सिंड्रोम). एकेक पेशी तपासणाऱ्या फ्लो सायटोमेट्रीत अल्फा-बीटा ग्राहक असलेल्या, पण सीडी-4 आणि सीडी-8 या पृष्ठभागावरच्या दोन्ही खुणा नसलेल्या टी पेशी शोधतात. एकूण लिम्फोसाइटच्या (टी पेशी ज्यात मोडतात त्या पांढऱ्या पेशींच्या) 1.5 टक्के किंवा जास्त असल्या तर संशय बळावतो. मात्र लिम्फोसाइटच मुळात कमी असतील, तर हा आकडा धरायचा नाही.