पेठेचा संघ, दोनचा सामना

दुपारचे दोन. कोल्हापूरच्या शाहू स्टेडियमच्या पायऱ्या तव्यागत तापल्यात. बुडाखाली वर्तमानपत्र नसेल, तर बसायचं नाव नको. चारच्या सामन्याला इथं पाय ठेवायला जागा मिळणार नाही. पण आमचा फुटबॉलचा सामना दोनचा.

आमचा म्हणजे कुणाचा, ते सांगत नाही. सांगितलं तर निम्मं कोल्हापूर इथंच व्हिडिओ बंद करेल. पाटाकडील नाही, खंडोबा नाही, दिलबहार नाही, म्हणजे मोठ्या तालमींचा संघ नाही, एवढं ऐका. गुणतक्त्यात त्यांची नावं वरून वाचायची, आमचं खालून.

ही केएसएची, म्हणजे कोल्हापूर स्पोर्ट्स असोसिएशनची शाहू छत्रपती लीग. संघ १६. देशाच्या फुटबॉलमध्ये आयएसएल, म्हणजे इंडियन सुपर लीग, पार वर, तिच्याखाली बाकीच्या राष्ट्रीय लीग, मग राज्य, आणि त्याच्याही खाली जिल्हा. कागदावर आम्ही तळाला. पेठेत येऊन कुणाला हे सांगू नका म्हणजे झालं.

इथं संघ निवडायचा प्रश्नच नसतो. पेठापेठांत कुस्तीच्या तालमी, त्याच तालमींनी फुटबॉलचे संघ उभे केले. ज्या गल्लीत जन्मलात, तो तुमचा संघ. पोरगं चालायला लागायच्या आधी त्याच्या अंगात जर्सी असते.

हंगाम खरा सुरू होतो तो खेळाडू नोंदणीला. कोण कुठल्या तालमीत गेला, कुणाला किती दिले, याची चर्चा कट्ट्यावर रात्री बारापर्यंत. मोठे संघ बाहेरचे खेळाडू आणतात, पार नायजेरियापर्यंतचे. आमच्याकडं पैशाच्या जागी गल्लीतली पोरं. डावा बचावपटू शिरोलीच्या फौंड्रीत रात्रपाळी करतो. सामन्याच्या दिवशी दोन तास झोपून मैदानात. पहिली वीस मिनिटं तो वाघ असतो. उत्तरार्धात त्याच्या बाजूनं चेंडू गेला, की आम्ही तिकडं बघतच नाही.

या सामन्यात ७० व्या मिनिटापर्यंत शून्य बरोबरी. मग आमचा फॉरवर्ड एकटाच गोलरक्षकासमोर. मागनं हलगी थांबली. "मार की मर्दा!" पोरानं मारला, तो थेट गॅलरीत, हलगीवाल्याच्या मांडीवर. पुढची पाच मिनिटं पोराच्या सात पिढ्यांचा उद्धार. समोरच्या संघानं फ्री किकवर गोल केला आणि विषय संपला.

आता एक बोललंच पाहिजे. गॅलरीतल्या हुल्लडबाजीनं या लीगचं जेवढं वाटोळं केलंय, तेवढं कुठल्या पंचानं केलेलं नाही. दोन पेठांची पोरं भिडतात, दगड येतात, सामने बंद पडतात. निष्ठा म्हणे! फौंड्रीतून आलेल्या पोराचा सामना बुडतो, त्याचं काय? याच गावचा अनिकेत जाधव २०१७ च्या १७ वर्षांखालील विश्वचषकात भारताकडून खेळला. तो बघून मैदानाकडं पळणाऱ्या बारक्या पोरांना आपण गॅलरीत दाखवतो काय, तर ही हाणामारी.

लीगच्या शेवटच्या टप्प्यात वरचे संघ विजेतेपदाचं गणित मांडतात. आमचं गणित एकच, खालच्या ए डिव्हिजनमध्ये उतरायचं नाही. शेवटच्या सामन्यात एक गुण हवा होता. तो मिळाला. खेळ बघण्यासारखा नव्हता; दोन्ही संघांना बरोबरीच हवी होती आणि दोघांनीही ते लपवलं नाही. तरी गुलाल उधळला. दहा मोटारसायकली, एक हलगी, मिरजकर तिकटीपर्यंत मिरवणूक. खालनं तिसरे आलो म्हणून गुलाल उधळणारं गाव जगात दुसरं असेल, तर आम्हाला कळवा.

जूनमध्ये पाऊस लागतो, मैदानाचा चिखल होतो आणि बूट माळ्यावर जातात. पुढं गणपतीचे दिवस. त्याच पोरांच्या हातात आता वर्गणीची पावतीपुस्तकं. आमचा फॉरवर्ड दारात येतो, पाचशेची पावती फाडायला लागतो. आतनं आजी विचारतात, "पैसे देतो बाळा, पण आधी सांग, मोकळा गोल होता, तू वर कसा काय मारलास?"