खोलीत रचलेले आकाश

या खोलीला खिडकी नाही आणि मेजावरच्या जीपीएस रिसीव्हरला अँटेनाही जोडलेला नाही. तरीही आपण ताशी ९०० किलोमीटर वेगाने अरबी समुद्रावरून उडत आहोत, अशी त्याची खात्री झालेली आहे. अँटेनाच्या जागी लावलेल्या केबलच्या दुसऱ्या टोकाला सिम्युलेटर आहे, म्हणजे रिसीव्हरच्या चाचणीसाठी उपग्रहांच्या संकेतांची नक्कल करणारे यंत्र.

जीपीएस उपग्रहाचा संकेत सुमारे २०,२०० किलोमीटर उंचीवरून जमिनीवर पोहोचतो. एका वॉटचे एक कोटी भाग केले, त्यातल्या एकाचे पुन्हा एक कोटी केले, तर त्यातल्या एका भागाच्या जेमतेम शंभराव्या हिश्श्याइतकी त्याची शक्ती उरलेली असते. सिम्युलेटर तितकाच क्षीण संकेत १५७५.४२ मेगाहर्ट्झवर तयार करतो आणि उपग्रहाची कक्षा, त्याच्या घड्याळाची चूक, आयनांबरात (वातावरणाच्या विद्युतभारित थरात) होणारा विलंब, गतीमुळे वारंवारतेत होणारा डॉपलर बदल हे सारे त्यात मिसळतो. हे गणित अतिशय काटेकोर असावे लागते, कारण वेळेत एका नॅनोसेकंदाची चूक म्हणजे अंतरात ३० सेंटिमीटरची चूक.

एवढा खटाटोप कशासाठी? बाहेर धावणाऱ्या गाडीचे खरे स्थान दुसऱ्या एखाद्या उपकरणाने मोजावे लागते, आणि तेही चुकू शकते. इथे मात्र खरे स्थान आपणच ठरवलेले असल्यामुळे रिसीव्हरची चूक साध्या वजाबाकीने कळते. शिवाय सॉफ्टवेअर बदलल्यावर तेच आकाश जसेच्या तसे पुन्हा उभे करता येते.

तारीखही हवी ती देता येते. जीपीएसच्या मूळ संदेशात आठवड्याच्या क्रमांकाला दहाच बिट असल्याने १०२४ आठवड्यांनी तो पुन्हा शून्यावर येतो. १९९९ च्या ऑगस्टमध्ये आणि २०१९ च्या एप्रिलमध्ये तसे घडले; नोव्हेंबर २०३८ मधली पुढची मध्यरात्र प्रयोगशाळेत आजच आणता येते. भारताच्या ‘नाविक’ (NavIC) या जीपीएससारख्या उपग्रह प्रणालीत एल-१, म्हणजे वर सांगितलेल्या १५७५.४२ मेगाहर्ट्झवरचा संकेत २९ मे २०२३ रोजी सोडलेल्या एनव्हीएस-०१ उपग्रहापासून आला. तो देणारे पुरेसे उपग्रह आकाशात नसले, तरी रिसीव्हरची चाचणी त्यासाठी अडत नाही.

उंच इमारतींवरून परावर्तित होणाऱ्या संकेतांची नक्कल मात्र अजून ढोबळच वाटते, त्यामुळे शहरात गाडी फिरवणे टळत नाही.

हा खोटा संकेत खोलीबाहेर गळता कामा नये. २०१७ च्या सप्टेंबरमध्ये अमेरिकेतील पोर्टलंड येथे भरलेल्या प्रदर्शनात एका सिम्युलेटरचा संकेत बाहेर पडला, आणि उपस्थितांपैकी काहींचे मोबाईल फ्रान्समधील तुलूझ आणि २०१४ सालचा जानेवारी दाखवू लागले.