सुक्या ढेकळातला पावसाळा

नमस्कार मुलांनो.

आधी एक आवाज ऐका. (टेबलावर ढेकूळ आपटल्याचा आवाज.) पुन्हा ऐका. (पुन्हा तोच आवाज.) कशाचा आहे, ओळखा बघू. लाकडाचा? चुकलात. नारळाच्या करवंटीचा? तोही नाही. हे आहे मातीचं एक ढेकूळ. काल संध्याकाळी आमच्या गावच्या सड्यावरून उचललं आणि वर्तमानपत्रात गुंडाळून इथवर आणलं. आत येताना दारावरच्या मामांनी विचारलं, "पुडीत काय आहे?" मी म्हटलं, "तळं आहे." ते हसले. पण मी खरंच सांगत होतो.

कोकणातल्या मुलांना सडा म्हणजे काय ते सांगायला नको. बाकीच्यांनी असं समजा, डोंगर चढून वर आलात आणि टोकाऐवजी एक भलंमोठं सपाट दगडी अंगण लागलं. जांभ्या दगडाचं. वर माती बोटभर, कुठेकुठे तीही नाही. रत्नागिरी, राजापूर, देवगडकडे असे सडे खूप आहेत. काही जण नुसतं कातळ म्हणतात. घाटावर साताऱ्याजवळचं कासचं पठार याचंच भावंड, फक्त ते बरंच उंच, सुमारे १२०० मीटरवर. आत्ता, मे महिना संपत आलेला असताना, सड्यावर अनवाणी दहा पावलं टाकून दाखवा! गवत जळून गेलेलं, दगड काळा पडलेला, सावलीला एक झुडूप नाही. टिटवी तेवढी ओरडत असते, कारण तिची अंडी तिथेच उघड्यावर असतात. कागदोपत्री अशा जमिनीला पडीक म्हणतात.

पण या दगडाला खळगे असतात. एखादा परातीएवढा, एखादा अंगणाएवढा. मृग लागला आणि दोन-चार सरी झोडपून गेल्या की ते भरतात. पाणी घोट्याइतकं, फार तर गुडघ्याइतकं. दिवाळी येईपर्यंत ते आटूनही जातं. आज मी बोलणार आहे ते एवढ्याशा पाण्याबद्दल. पृथ्वीवरच्या पाण्यापैकी सुमारे ९७ टक्के पाणी समुद्रात आहे, तेव्हा या हिशेबात आपलं डबकं कुठे मांडायचं हा प्रश्नच आहे. पण मला विचाराल तर समुद्रापेक्षा डबकं बघणं जास्त मजेचं. एक तर ते सगळं दिसतं. आणि दुसरं म्हणजे, तिथे राहणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक असतं की हे पाणी जाणार आहे.

आता या ढेकळाकडे वळू. हा त्या खळग्यातला सुकलेला चिखल. यात पिठाच्या कणाएवढी अंडी आहेत. डोळ्यांना नीट दिसायचीही नाहीत. ती आहेत एका जिवाची, ज्याला इंग्रजीत फेअरी श्रिंप म्हणतात. मराठीत रुळलेलं नाव नाही, म्हणून आपण परीकोळंबी म्हणू. बाजारातल्या कोळंबीची ही लांबची नातेवाईक. मोठी झाली तरी बोटाच्या पेराएवढी. अंग काचेसारखं, आरपार दिसणारं. आणि पोहते कशी? पाठीवर! पोट आकाशाकडे, पाठ तळाकडे. पायांच्या अकरा जोड्या सारख्या हलत असतात, वाऱ्याने शेतातलं भात लहरावं तशा. याच पायांनी ती पोहते, याच पायांनी पाण्यातलं शेवाळ गाळून तोंडाकडे ढकलते आणि श्वासही याच पायांनी घेते. आपल्या सह्याद्रीत सापडलेल्या एका जातीला शास्त्रज्ञांनी सह्याद्रीचंच नाव दिलं आहे.

पाणी पडलं की एक-दोन दिवसांत या अंड्यांतून पिल्लं बाहेर पडतात. दोन-तीन आठवड्यांत ती मोठी होऊन स्वतः अंडी घालू लागतात. एवढी घाई कशासाठी? पाऊस आठ दिवस उघडला तर परातीएवढं डबकं आटून जाईल, म्हणून. पाणी आटतं, परीकोळंबी मरून जाते, अंडी चिखलात राहतात. चिखल सुकतो, तडकतो, तापतो. अंड्यांना काही होत नाही. अशी ती वर्षानुवर्षं पडून राहू शकतात. उलट यांतल्या बऱ्याच जातींची अंडी एकदा खडखडीत सुकल्याशिवाय फुटतच नाहीत.

आणखी एक गंमत. पहिल्या पावसाला सगळी अंडी फुटत नाहीत. थोडी फुटतात, बाकीची गप्प बसून राहतात. तुमच्या घरी शेती असेल तर याचं कारण तुम्हाला लगेच कळेल. वळवाच्या सरीला भुलून सगळं बियाणं जमिनीत घातलं आणि मग पावसाने दडी मारली तर काय होतं? दुबार पेरणी. आणि दुबार पेरणीला बियाणं तर घरात शिल्लक हवं! परीकोळंबीचं बियाणं चिखलात शिल्लक असतं. यंदा फसलं तर पुढच्या वर्षी.

हीच अंडी गुरांच्या खुरांना चिकटून, पक्ष्यांच्या पायांवरून, कधी नुसत्या वाऱ्याबरोबर धुळीतून दुसऱ्या खळग्यात जातात. म्हणजे म्हैस डबक्यात बसली की आपण म्हणतो, पाणी गढूळ केलं. ती तिथून उठून पुढच्या डबक्यात जाते तेव्हा या अंड्यांची ने-आण करत असते, तिला पत्ताही नसतो.

या डबक्यात मोठे मासे नाहीत. आटणाऱ्या पाण्यात ते राहणार कसे? परीकोळंबीला ना पळता येतं, ना लपता येतं, ना चावता येतं. माशांच्या तळ्यात ती दोन दिवसही टिकायची नाही. पाणी आटतं, म्हणून ती आहे.

बेडकांनाही हे कळतं. आपल्याकडचा सर्वांत मोठा बेडूक वर्षभर मळकट हिरवा असतो. पण जोराचा पाऊस झाला की नर बेडूक लिंबासारखे पिवळेधमक होतात आणि गळ्याच्या दोन्ही बाजूंना निळे फुगे फुगवून डराव डराव सुरू करतात. हा थाट थोड्या दिवसांचाच. पहिल्यांदा पाहिला तेव्हा मला वाटलं, कोणीतरी रबरी खेळणी टाकून गेलंय. त्यांना पकडणं, मारणं कायद्याने गुन्हा आहे, हेही सांगून ठेवतो. सिंधुदुर्गात आंबोलीला तर एक इवलासा भेक आहे, अंगावर वाघासारखे पट्टे असलेला. आंबोलीच्या आसपास सोडून तो फारसा कुठे आढळत नाही. आणि तो अंडी घालतो ती कातळावरच्या वीतभर पाण्यात!

बेडकाच्या पिल्लांना तुमच्या पुस्तकात भैकेर म्हणतात. गावातली मुलं मात्र त्यांना हमखास मासे समजून बाटलीत भरतात. मीही भरले आहेत. शेपटीवाला काळा मणी, आधी मागचे पाय, नंतर पुढचे, मग शेपूट आखूड होत नाहीशी. हे सगळं पाणी आहे तोवर उरकायचं असतं. काही जातींत तर असं दिसलं आहे की डबकं आटू लागलं की भैकेर घाई करतात आणि लहान असतानाच बेडूक होऊन बाहेर उडी मारतात. मोठ्या बेडकाचे भैकेर मात्र शेजारच्या भैकेरांना खाऊनच वाढतात. ते चांगलं की वाईट, हे आपण ठरवायला नको. डबक्यात खायला दुसरं असतं तरी काय?

डबक्यातली भुकेची गोष्ट निघालीच आहे तर झाडांकडेही बघू. कारण इथली काही झाडंही मांस खातात! सड्यावर माती अशी नाहीच, आणि जी आहे तिच्यातलं खत पावसाने धुऊन नेलेलं. मग काय करायचं? भाद्रपदात सड्यावर निळ्या-जांभळ्या इवल्या फुलांचा गालिचा अंथरलेला दिसतो. लोक या फुलांना सीतेची आसवं म्हणतात. नाव किती हळवं आहे! पण खाली, चिंब मातीत, या झाडाला मोहरीच्या दाण्याहून लहान पिशव्या असतात. पिशवीतलं पाणी झाड बाहेर काढून टाकतं, दार बंद करतं आणि वाट बघतं. एखाद्या सूक्ष्म किड्याचा दारावरच्या केसाला धक्का लागला की दार उघडतं, पाणी आत ओढलं जातं, पाण्याबरोबर किडा आत, दार बंद. या सगळ्याला सेकंदाच्या काही हजाराव्या भागांइतका वेळ पुरतो. 'पापणी लवते न लवते तोच' असं आपण म्हणतो, पण त्याच्या कितीतरी आधी या झाडाचा किडा पकडून झालेला असतो. जवळच दवबिंदू नावाची वनस्पती असते, तिच्या पानांवरचे चिकट थेंब उन्हात चमकतात आणि माश्या त्यांना भुलतात. आणि पाण्यात उभा असतो वायतुरा, इंग्रजी वाय अक्षरासारखा दोन फाट्यांचा गुलाबी तुरा. तो जातो तेव्हा त्याचा कंद चिखलात झोपून राहतो, परीकोळंबीच्या अंड्यांच्या शेजारीच.

आता मला सगळ्यात आवडणारा पाहुणा. चतुर.

जूनमध्ये पावसाबरोबर पिवळसर रंगाचे चतुर थव्याने दिसू लागतात. हा भटका चतुर. मादी डबक्यात अंडी घालते. अंड्यातून येणारं पिल्लू पाण्यातच राहतं आणि दिसायला अगदी कुरूप असतं. त्याची एक सवय सांगतो, हसू नका. ते श्वास घेतं पार्श्वभागातून! तिथून पाणी आत घेतं, त्यातला प्राणवायू घेतं, आणि कोणी मागे लागलं तर तेच पाणी जोरात बाहेर फेकून रॉकेटसारखं सटकतं. (हसलात ना? मलाही पहिल्यांदा हसू आलं होतं.) डासांच्या अळ्या हे त्याचं आवडतं खाणं. इतर चतुरांच्या पिल्लांना पाण्यात कित्येक महिने लागतात, काहींना वर्षंही. भटक्या चतुराचं पिल्लू मात्र महिना-दीड महिन्यात पंख पसरून उडून जातं.

आणि जातं कुठे? मालदीव बेटांवर राहणाऱ्या चार्ल्स अँडरसन नावाच्या जीवशास्त्रज्ञांना एक कोडं पडलं होतं. दरवर्षी ऑक्टोबरच्या सुमारास तिथे चतुरांचे थवे यायचे. बेटांवर गोड्या पाण्याची तळी जवळजवळ नाहीत, मग हे जन्मतात कुठे? बरीच वर्षं नोंदी ठेवून २००९ साली त्यांनी मांडलं की हे चतुर भारताकडून येतात, उंचावरच्या वाऱ्यावर स्वार होऊन समुद्र ओलांडतात आणि पुढे पूर्व आफ्रिकेत जातात. कारण तेव्हा तिथे पाऊस सुरू झालेला असतो, म्हणजे तिथे डबकी भरलेली असतात. तिथे अंडी, पिल्लं, पुन्हा पंख, आणि त्यांचे वंशज पुढच्या पावसाळ्याबरोबर परत आपल्याकडे. जो आला तो परतत नाही, त्याची पतवंडं परततात. वाट दाखवायला सोबत कोणी नसतं. आपल्या सड्यावरचं डबकं आणि आफ्रिकेतलं डबकं, मधे अख्खा अरबी समुद्र, आणि दोघांचा एकच पाहुणा. हे मला जेव्हा कळलं त्या दिवशी मी चतुराच्या शेपटीला दोरा बांधणाऱ्या आमच्या लहानपणीच्या टोळीला मनातल्या मनात खूप ओरडलो.

या सड्यांवर माणसांनी हजारो वर्षांपूर्वी चित्रं कोरून ठेवली आहेत. कातळशिल्पं म्हणतात त्यांना. त्यांत हत्ती आहेत, मासे आहेत, माणसं आहेत. पावसात त्या कोरलेल्या रेघांमध्ये पाणी साचतं. माशाच्या चित्रात पाणी भरलेलं पाहायचं असेल तर जुलैत जा. छत्री नेऊ नका, वारा टिकू देत नाही, इरलं किंवा रेनकोट न्या. आणि घरी सांगून, मोठ्या माणसाबरोबरच जा. चिरेखाणीत साचलेल्या पाण्यात तर कोणीही उतरायचं नाही. चिरे काढलेल्या त्या खाणी सरळ कापलेल्या आणि खोल असतात, बाहेर यायला पायरी नसते. आणि खाण झाली तिथला सडा गेला, खळगेही गेले, हे वेगळंच दुःख.

जांभा दगड भोकाभोकांचा असतो, हे तुम्ही पाहिलं असेल. सड्यावर पडलेलं बरंच पाणी त्यातून झिरपतं आणि पायथ्याशी झऱ्यातून बाहेर येतं. खालच्या वाडीची विहीर मार्चपर्यंत का टिकते, हे विचारायचं तर मान वर करून सड्याकडे बघा.

बरं, आता या ढेकळाचं काय करायचं? तुम्हीही करून बघा, पण पाऊस सुरू व्हायच्या आत. ज्या खळग्यात दरवर्षी पाणी साचतं, अशा जागचा मूठभर सुका चिखल आणा. मूठभरच, टोपलीभर नको. काचेच्या बरणीत तो तळाशी बोटभर पसरा. पहिला पाऊस पडला की त्याचं पाणी वर घाला. नळाचं चालणार नाही, त्यात जंतू मारायचं औषध असतं. बरणी खिडकीत ठेवा, उजेड येईल पण ऊन तापणार नाही अशी. तोंडावर पातळ फडकं बांधा, नाहीतर डास अंडी घालतील आणि घरचे आपल्या दोघांनाही बोलतील. मग रोज संध्याकाळी बरणीमागे पांढरा कागद धरून बघा. हलणारे ठिपके दिसले तर वहीत तारीख लिहा.

तुमच्या चिखलात परीकोळंबीच निघेल असं नाही. पाणपिसवा निघतील, आणखी कोणी निघेल, कदाचित नुसतं गवत उगवेल. तेही लिहून ठेवा.

आणि बरणीवर मोठ्या अक्षरांत आपलं नाव घाला. मी पहिल्यांदा हा प्रयोग केला तेव्हा घरात कैरीचं लोणचं घालायची घाई होती आणि बरण्या कमी पडत होत्या. तिसऱ्या दिवशी शाळेतून आलो तर माझी बरणी घासून पुसून उन्हात पालथी घातलेली. आई म्हणाली, "घाण पाणी होतं रे, ओतलं तुळशीत." त्या वर्षी मी तुळशीच्या कुंडीत भिंग घेऊन किती दिवस बसलो होतो, ते विचारू नका.